चिठ्ठीवरची नावं

आणीबाणी उठली त्या वर्षी माझी आर्वीच्या शाळेत बदली झाली. शेजारीण गोधड्या शिवायची. सुईत दोरा असेपर्यंत गप्प. तो संपला की नवा ओवेपर्यंत भडाभडा बोलून घ्यायची. मीही माझे प्रश्न तोवर धरून ठेवायला शिकले.

वर्ध्याच्या प्रदर्शनाला गोधडी पाठवताना मी चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं, तशी ती खवळली.

“माह्यं काऊन लिहून राह्यल्या, मास्तरीनबाई? लुगडे काय माह्ये हायेत?”

एकेका तुकड्यावर बोट ठेवून तिने गल्लीतल्या तिघींची नावं लिहायला लावली. तिघीही केव्हाच वारल्या होत्या.

पहिलं बक्षीस मिळालं. समारंभाला आम्ही दोघी वर्ध्याला गेलो. भोंग्यावरून तीन नावं पुकारली. मंचावर कोणीच गेलं नाही. मी तिला उठवू लागले, तर तिने मलाच हात धरून खाली बसवलं.

“थांबा, बाई. त्यायले येऊ द्या.”