कॉमेंट्रीवाले आप्पा

आप्पा यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. आमची बालवाडी गंगावेशीजवळ एका तरुण मंडळाच्या माडीवर भरायची. खाली कॅरम आणि गणपतीच्या मांडवाचं सामान, वर आम्ही. जिना लाकडी आणि माडीची जमीनही फळ्यांचीच. सकाळी साडेनऊला जिन्यातून सुरू व्हायचं, "ही बघ रूपा, पयली पायरी. ही दुसरी. हिचा कोपरा मोडलाय, हितं पाय न्हाई ठेवायचा. आता वर कोण हाय? बाई हाईत. बाई आज हिरवी साडी नेसल्यात बघ." मग दारात दोन शेंड्यांची, तीन वर्षांची रूपा दिसायची आणि तिच्यामागे दार भरून आप्पा. मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय हे त्यामुळे रोज अर्ध्या गल्लीला कळायचं.

आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात एक माणूस लाऊडस्पीकरवरून कुस्ती सांगत असतो. पैलवान दमतात, तो दमत नाही. आमच्या बालवाडीच्या मदतनीस मावशींनी पहिल्याच आठवड्यात आप्पांचं नाव 'कॉमेंट्रीवाले' ठेवून टाकलं आणि ते त्यांना कळल्यावर त्यांनाही आवडलं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा बाप मुलाला बालवाडीत सोडायला आला तरी गल्लीत चर्चा होई, आणि हा गृहस्थ तर लेकीशी मोठमोठ्यानं बोलत भर रस्त्यानं यायचा.

या बोलण्याला कारण होतं. रूपा अडीच वर्षांची झाली तरी 'आई' म्हणत नव्हती. पोलिओच्या डोसाला नेलं तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं, घरात लेकराशी बोलत राहा, आपोआप बोलायला लागेल. आप्पांनी ते देववाणीसारखं धरलं. ते गवळी. दारात तीन म्हशी, पहाटे आणि संध्याकाळी त्या चौकातल्या दूधकट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून द्यायची. रूपा मांडीशी बसलेली असायची आणि यांचं चालू, "आता कास धुतली. आता पान्हा सोडला. ह्यो बघ फेस. ह्यो पावणा हुपरीचा हाय, त्याला पेला मोठा लागतोय." पावणाही हसायचा. मात्र आप्पांची एक पद्धत होती. ते रूपासमोर उकिडवे बसून, तिच्या तोंडासमोर तोंड आणून, भुवया, हात, खांदे सगळं हलवत बोलायचे. ती पोर डोळ्यांची पापणी न हलवता त्यांच्याकडे बघायची. मला वाटे, काय ऐकते ही मुलगी!

बालवाडीचे पहिले पंधरा दिवस म्हणजे रडारड. माझा दंडक होता की आई-बापानं मूल दारात सोडायचं, पाठ फिरवायची आणि मागं बघायचं नाही. आप्पांनी तो साफ धुडकावला. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "आप्पा, तुम्ही अशानं तिला पांगळी कराल." तर म्हणाले, "बाई, रेडकाला सुदा आमी दुधापासनं एकदम तोडत न्हाई. चार सडांतला एक सड त्याला ठेवतोय. मग त्येचं त्येच वैरणीला तोंड लावतंय. मी त्यो एक सड म्हणून बसलोय, बसू द्या की." पायरीवर बसून ते रोज थोडं थोडं खाली सरकत गेले. आधी एक पायरी, मग दोन, मग जिन्याचं वळण. महिन्याभरानं ते रस्त्यावर पोचले आणि रूपा वर मुलांत निवांत खेळत राहिली. मुलं बालवाडीत कशी सोडायची हे मी पुढं नव्या आई-बापांना सांगताना आप्पांचीच पद्धत सांगू लागले, त्यांचं नाव न घेता.

बालवाडीत सहा महिने झाले, रूपा चित्रं काढे, ठोकळे रची, बाकीची मुलं उठली की उठे, बसली की बसे. पण शब्द एकही नाही. एक दिवस मुलं घरी गेल्यावर आप्पांनी मला बाजूला बोलावलं. कधी नव्हे तो त्यांचा आवाज खाली आला होता. "बाई, हिला ऐकू येतंय का, जरा बघतासा? तुमी शिकलेल्या हाईसा. आमी अडाणी."

मी शिकलेली! बालवाडीचा एका वर्षाचा कोर्स केलेली. रूपा खिडकीशी आमच्याकडे पाठ करून बसली होती. मी आप्पांना खुणेनं गप्प केलं, पाऊल न वाजवता तिच्यामागे गेले आणि ठोकळ्यांची लाकडी पेटी डोक्याइतकी उचलून दाणकन जमिनीवर टाकली. रूपा गर्रकन वळली. आप्पांचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. मी ऐटीत म्हटलं, "कान तिखट आहेत हो हिचे. काही मुलं उशिरा बोलतात. तुम्ही बोलत राहा." त्या दिवशी त्यांनी मला तांब्याभर दूध आणून दिलं आणि मी ते घेतलं.

दोनेक महिन्यांनी रूपाची आई आली. ती बाई कमी बोलणारी. नवऱ्यानं घरातले सगळे शब्द वापरून टाकल्यावर तिच्या वाट्याला उरणार किती! पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, मी मागनं हाक मारली तर ती बघत न्हाई वो. कुकरची शिट्टी झाली तरी न्हाई." मी तिला पेटीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "वहिनी, ती खेळात गुंगते. हट्टी आहे." बोटाचा पदर सोडवत ती म्हणाली, "तुमी म्हंतासा तर आसंल." आणि गेली. आईला कळलेलं मी खोडून काढलं, ते अशा दोन वाक्यांत.

मग उपाय सुरू झाले. जोतिबाला नवस झाला, गुलालात माखून बापलेक परत आले. कुणी सांगितलं पोपटाचा उष्टा पेरू द्या, तर आप्पा पेरूच्या बागेत दिवसभर पोपटाची वाट बघत बसले. "पोपाट शाना झालाय बाई. मी हाय म्हटल्यावर चोच लावत न्हाई." आम्ही हसलो. तेही हसले. या सगळ्यात दोन वर्षं गेली आणि कॉमेंट्री एक दिवसही थांबली नाही.

पहिलीच्या प्रवेशाला गेल्यावर तिथल्या गुरुजींनी रूपाची पाठ आपल्याकडे करून, वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून तीनदा नाव घेतलं. टाळ्या वाजवल्या. तिथली फरशी सिमेंटची होती. रूपा भिंतीवरचा तक्ता बघत राहिली. गुरुजींनी सरळ चिठ्ठी लिहून दिली, आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. तपासणी झाली. दोन्ही कान जन्मापासून जवळजवळ पूर्ण गेलेले. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणली असती तर मशीन लावून पुष्कळ काही करता आलं असतं, आता बोलणं येईल अशी आशा धरू नका.

आप्पा दवाखान्यातून थेट बालवाडीत माझ्याकडे आले, मी आणि मावशी आवराआवरीसाठी थांबलो होतो. संध्याकाळची धार चुकवून आले होते. वरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, मग मी तीन वरसं कुनाशी बोलत हुतो वो?"

मी उठले, आत गेले, तर चपला काढलेल्या पायाखाली फळी हलली. मदतनीस मावशी पलीकडे पातेलं ठेवत होत्या, त्याचा दणका माझ्या तळव्यांना कळला. तेव्हा कुठे उजेड पडला. पोरीनं पेटी ऐकलीच नव्हती. जमिनीनं तिला सांगितलं होतं. मी बाहेर येऊन आप्पांना ते सगळं सांगितलं, माझ्यामुळे दोन वर्षं गेली असंही सांगितलं. वाटलं, हा माणूस आता तोंडाला येईल ते बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमी तरी काय करणार? पोरगी वळली की तवा. मी बी बघिटलं की." इतकं बोलून ते जिना उतरून गेले. मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या, पण त्या बोलण्याइतकं काही लागलं नाही.

कानाचं मशीन आणलं. छातीवर डबी, तिच्यातून दोन वायरी. रूपाला त्यातून नुसती घरघर येत असावी. ती ते ओढून काढायची. एकदा म्हशीपुढच्या आंबोणाच्या बुट्टीत सापडलं. आप्पांनी पुसून पुन्हा बांधलं, पुन्हा निघालं, मग फळीवर ठेवलं गेलं ते कायमचं. आप्पा बोलायचे थांबले. तेव्हा मी कट्ट्यावर दूध घ्यायला जाऊ लागले, खरं तर त्यांना बघायलाच. ते धार काढून पेला पुढं करत. रूपा मांडीशी बसलेली असायची, त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि ते तोंड मिटलेलं. मी एकदा म्हटलं, "आप्पा, बोला की तिच्याशी. ती तुमचं तोंड वाचत होती." तर म्हणाले, "लाज वाटती बाई." आपल्याच लेकीसमोर लाज!

सातव्या वर्षी रूपाला परगावच्या बहिऱ्या-मुक्या मुलांच्या निवासी शाळेत ठेवलं. आप्पा तिला पोचवून आले त्याच दिवशी, राहिले नाहीत. तिथं तसा नियमच होता म्हणे, सोडायचं, पाठ फिरवायची आणि मागं बघायचं नाही. त्यांनी तो पाळला. "तिथं कुनी सड ठिवू देत न्हाईत," एवढंच मला म्हणाले. रूपा तिथं हातांनी बोलायला शिकली, मोठ्या मुलींकडून. घरी यायची ती दिवाळीत आणि मे महिन्यात, दर वेळी जास्त भरभर हात चालवत. घरच्यांना त्या खुणा कुणी शिकवल्या नाहीत आणि आप्पांनी कुणाला विचारलंही नाही. त्यांना चार येत होत्या. जेवण, पाणी, झोप आणि म्हैस. म्हशीची खूण त्या दोघांनी मिळून बसवली होती.

पुढं बालवाडी बंद पडली. त्यानंतर काही वर्षांनी, मे महिना संपत आला असताना, मला आप्पा मध्यवर्ती बस स्थानकावर भेटले. केस पांढरे, अंगानं निम्मे. शाळेला परत निघालेली रूपा गाडीत खिडकीशी बसली होती, पंधरा-सोळा वर्षांची, वेणी घातलेली, छान उंच. शेजारी तिच्याच शाळेतली मैत्रीण. दोघींचे हात सारखे चालले होते आणि दोघी पोट धरून हसत होत्या. मी आप्पांना म्हटलं, "किती बोलते हो ही!" ते म्हणाले, "व्हय. लई बोलती म्हंत्यात."

गाडी सुरू झाली. रूपाचं हसू एकदम गेलं. ती खिडकीतून वाकली आणि बापाकडे बघून हातांनी काहीतरी सांगू लागली. आप्पा बघत राहिले. तिनं पुन्हा केलं, हळूहळू, एकेक खूण सुटी करून, आपण लहान मुलाला सांगतो तसं. तिसऱ्यांदा केलं. आप्पांनी मान हलवली, जोरात, दोनदा. तिचा चेहरा पडला का खुलला हे मला नीट दिसलं नाही, गाडी वळली.

"बाई," आप्पा म्हणाले, "काय म्हनाली वो ती?"

"मला नाही कळलं, आप्पा."

"मला बी न्हाई." ते गाडी गेली तिकडे बघत होते. "कायतरी इचारत हुती. आन मी व्हय म्हनलो."