वॉशरखालचा ठिपका

सन २०२६. तो सहासष्ट वर्षांचा होता, आणि खरादावरून, म्हणजे लेथवरून, उतरलेली वस्तू अजून गालावर फिरवून बघत होता. मापाची साधनं कारखान्यात होती, त्याला वापरताही यायची. पण आधी गाल. म्हणायचा, "बोट फसतंय बे. गाल न्हाय फसत."

मी त्याच्या शेजारच्या बाकड्यावरचा फिटर. माझी शाळा चौथीत सुटली, त्याची तिसरीत. म्हणजे आमच्या दोघांत शिकलेला मी, आणि हे मी त्याला चाळीस वर्षं ऐकवलं. तोही सोडायचा नाही. "व्हय अण्णा, एक इयत्ता जास्त. म्हणून तर तुला कानस घासायला बसवलंय." घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि मशीन अडलं की शिव्या दोन्हीत. आता तो खराद बंद आहे. त्यावर कापड टाकलंय.

आम्ही कापड विणायच्या मागाचे सुटे भाग करायचो. जो करील त्यानं भागावर आपली खूण मारायची, अशी आमची रीत. माझी खूण उभी रेघ. त्याची एक ठिपका, टोकदार पंच ठेवून हातोडीचा एकच ठोका. भाग तुटला की ज्याची खूण त्याच्या पुढ्यात येऊन पडायचा. तो तुटलेलं तोंड उजेडाला धरायचा आणि सांगून टाकायचा, "मागाला तेल दिलं न्हाय तुमी," नाहीतर, "ह्यात माझी चूक हाय." स्वतःची चूक असली की जेवायला न बसता नवा करून द्यायचा. मला हे जमलं नाही. माझी रेघ दिसली की मी आधी भांडायचो.

माग बंद पडत गेले, काम आटलं. मग मालकांनी पुण्याहून एक काम आणलं. चार-पाच पोरांची कंपनी, उपग्रह करणारी. तुम्ही म्हणाल केवढा असेल! जेवणाच्या डब्याएवढा. त्यातल्या दोन पाट्यांमध्ये बसवायच्या आठ नळ्या आमच्याकडून हव्या होत्या, करंगळीच्या पेराएवढ्या.

त्यानं केल्या. इंजिनिअर मुलगी तपासायला आली आणि आठही बाजूला सारल्या.

"काका, हे ठिपके कसले?"

"माझे हायत की."

"ठिपक्यापासून तडा जाऊ शकतो. चालणार नाहीत."

"आणि ठिपका नसला, तर फुटल्यावर कुणाची म्हणून आणून देणार?"

ती हसली. "काका, हे परत येत नसतं."

परत येणार नाही अशी वस्तू त्यानं जन्मात केली नव्हती.

पुन्हा आठ केल्या. बिनखुणेच्या, आरशासारख्या. मुलीनं पास केल्या, त्याच्याबरोबर फोटो काढला आणि गेली. चारेक दिवसांनी चहा पिताना तो माझ्या कानाशी आला. "अण्णा, कुणाला बोलू नको. कागदात गुंडाळताना एकीच्या तोंडाला ठिपका मारलाय. सुईच्या टोकाएवढा. वॉशरखाली झाकतोय."

"का मारलास बे?"

"राहवलं न्हाय."

जानेवारीत, आमच्या गावच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली त्या दिवसांत, रॉकेट उडालं. सरकारी रॉकेट. मोठ्या उपग्रहाबरोबर बारके बारके पुष्कळ होते, त्यात आमचा डबा. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे टीव्हीपुढं उभे. पहिला टप्पा गेला, टाळ्या. दुसरा गेला, टाळ्या. तिसऱ्याला पडद्यावरची रेघ वाकडी झाली आणि तिथली शिकलेली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. आदल्या वर्षीही तिसऱ्यातच बिघडलं होतं म्हणे. सगळं गेलं.

केबिनमध्ये कुणी बोलेना. मला ते सहन होईना, आणि मी बोललो.

"पाडलास की बे! तुझ्या ठिपक्यानं पाडलास!"

सगळे हसले. त्यांना ठिपका कुठं माहीत होता! त्यांना वाटलं, म्हाताऱ्यांची नेहमीची थट्टा चाललीय. तो हसला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. त्यानं मोठ्या आवाजावर लावला. "काका, रॉकेटच बिघडलं हो. आपला तर अजून बाहेरसुद्धा पडला नव्हता. तुमचं काम चांगलं होतं."

"पुढचा कधी करायचा?"

"पुढचा नाही आता. कंपनीच बंद करतोय आम्ही."

फोन ठेवून तो माझ्याकडं वळला. "तिला ठिपका ठाऊक न्हाय, म्हणून असं म्हणतीय. तुला ठाऊक हाय. खरं सांग अण्णा, माझ्यामुळं?"

एक वाक्य पुरलं असतं. 'थट्टा केली रे.' पण दहा माणसांत बोललेला शब्द मी कधी गिळला नव्हता. म्हणालो, "मारायला कुणी सांगितलं होतं?"

त्यानं मान हलवली, जशी तुटलेला भाग बघून हलवायचा. मग म्हणाला, "कुटं पडलं?"

"समुद्रात."

"समुद्र ठेवत न्हाय काही. काठाला आणून टाकतोय."

आकाशातून एवढ्या वरून पडलेलं जळून जातं, हे टीव्हीवाला दुपारभर सांगत होता. मी ऐकलं होतं. त्यानं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यात्रेतला अक्षतेचा सोहळा, देवाच्या लग्नाचा. सकाळपासून पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं सिद्धेश्वराकडं चाललेली, आणि हा माझ्या दारात. धुतलेला शर्ट, खांद्याला कापडी पिशवी.

"मद्रासच्या गाडीनं जातोय. रॉकेट उडतंय तिकडं सगळे तेलुगूच बोलतात की. कोळ्यांना विचारतो. एक तुकडा घावला तरी तोंड बघून कळंल, कुणाची चूक ती." मग जरा घुटमळला. "डोळ्याला आता बारीक दिसत न्हाय. तुझं भिंग दे."

मी आत गेलो. फळीवरचं भिंग काढलं, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही बाजूंनी पुसलं, आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं ते रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि यात्रेला निघालेल्या गर्दीतून, उलट्या बाजूनं, स्टेशनकडं चालायला लागला.