बाबांचं न पोचलेलं वाक्य

भूतबित काही नसतं, हे मी आजही ठणकावून सांगतो. धंद्यानं प्रोग्रॅमर आहे... एरर आला की त्याला कारण असतं आणि बहुतेकदा ते आपणच असतो.

आम्ही अकोल्याचे, जठारपेठेतले. बाबा बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घशाचा कॅन्सर झाला, अमरावतीला ऑपरेशन झालं, आवाज गेला. जेवण नाकातल्या नळीनं. आईनं जन्मभर त्यांच्याआधी घास घेतला नव्हता, त्यामुळे तिचंही ताट सुटलं. चहावर दिवस काढायची. मला बाबांपेक्षा तिचीच धास्ती वाटायला लागली.

मी एक प्रोग्रॅम लिहिला. बाबांनी लॅपटॉपवर टाइप करायचं, मुख्य प्रोग्रॅमनं ते वाक्य एका छोट्या प्रोग्रॅमला — चाइल्ड प्रोसेसला — द्यायचं, आणि त्यानं ते लग्नाच्या व्हिडिओंतून घेतलेल्या बाबांच्या आवाजात स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर बोलायचं. चाइल्ड बंद पडला की त्याला वाक्य देताना ‘ब्रोकन पाइप’ एरर येतो, म्हणजे वाक्य पोचायची वाटच तुटलेली. तो पकडला नाही तर सगळंच कोसळतं. मी पकडला होता — वाक्य जपून ठेवायचं, नवा चाइल्ड सुरू करायचा, पुन्हा द्यायचं.

त्या दुपारी नवा चाइल्डही सुरू होताच बंद पडत होता. तपासायला मी स्पीकर काढून आणला, वायरसकट माझ्या मांडीवर होता. बाबांनी टाइप केलं, “जेवून घे वं.” स्क्रीनवर लाल अक्षरं — ब्रोकन पाइप. पुन्हा तेच.

“थांबा बाबा, नाही पोचलं,” मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून आई बोलली, “वाढून राहिली ना. कावून ओरडून राहिले तुम्ही एवढ्या जोरानं?”

ती पिठलं-भाकर घेऊन आली, खाटेजवळ बसली आणि जेवली. बाबा शेवटच्या घासापर्यंत तिच्याकडे बघत होते. मी मांडीवरचा स्पीकर पाहिला, तो बंदच होता.

त्याच आठवड्यात बाबा गेले. आईचं जेवण पुन्हा सुटलं.

शेवटी मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. चूक फालतू होती, डिस्क भरली होती. स्पीकर स्वयंपाकघरात ठेवून तेच वाक्य टाइप केलं. एकही एरर नाही. बाबांचा आवाज खणखणीत आला. डब्यातून भाकर काढता काढता आईचा हात जागीच थांबला.

“बंद कर ते. हा त्यायचा आवाज नोहे.”

“आई, त्यायचाच हाये. व्हिडिओतला.”

“त्या दिवशी आला, तो त्यायचा होता,” ती म्हणाली आणि भाकर परत डब्यात ठेवली.

त्या दिवशी तिनं काय ऐकलं, हे मला अजून कळलेलं नाही. आणि तेच पुन्हा तिच्यापर्यंत कसं पोचवायचं, हेही नाही.