गजू पायांनी खाली उतरला

गजू टॉवरवरून पडून गेला, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. तो स्वतःच्या पायांनी खाली उतरला. मी खालीच उभा होतो, म्हणून ठामपणे सांगतो. घाटंजीकडच्या एका शेतातल्या मोबाइल टॉवरवर तो दुरुस्तीला चढला असताना आग्या मोहोळ उठलं, आणि त्याच संध्याकाळी यवतमाळच्या दवाखान्यात त्याने जीव सोडला... याला आता काही आठवडे झाले. पण बोलणाऱ्याचं तोंड कुणी धरावं? तेरवीच्या पंगतीतच एका पाहुण्याने भात कालवता कालवता निकाल दिला, "बेल्टानंच घात केला. मोकळा असता तं भरभर उतरला असता." त्याचं ताट उचलून अंगणात फेकावं असं मला वाटलं होतं. गजूच्या घरचं अन्न होतं म्हणून गप्प बसलो.

गजू आणि मी बरीच वर्षं जोडीने काम केलं. खालच्या बॅटऱ्या आणि जनरेटर माझ्याकडे, वरचे अँटेना त्याच्याकडे. चढणाऱ्याच्या बेल्टला दोन हूक असतात. एक लागल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, म्हणजे माणूस प्रत्येक क्षणी टॉवरला बांधलेला राहतो. याला वेळ लागतो, आणि घाईच्या दिवशी भलेभले दोन्ही हूक कमरेला लटकवून सरसर चढून जातात. गजूने तसं कधी केलं नाही. खाली चहा निवतोय म्हणून मी ओरडलो की वरून सावकाश उत्तर यायचं, "चहा पुन्हा तापवता येते!" चढण्याआधी मान वर करून टॉवरभोवती एक पूर्ण फेरी मारायची, कुठे मोहोळ लागलंय का ते बघायचं, ही त्याची आणखी एक सवय. कळंबच्या चिंतामणीलाही तू एवढ्या श्रद्धेने फेरी घालत नसशील, असं मी चिडवायचो. "चिंतामणी चावत नाई ना बे," असं म्हणून तो आपली फेरी पुरी करायचा.

त्या दिवशी ती फेरी पुरी झाली नाही. कुंपणाच्या मागच्या बाजूला तूर थेट जाळीला येऊन भिडली होती. आत शिरायचं तर झाडं मोडणार. दुसरा कुणी असता तर खुशाल तुडवत गेला असता, पण गजूच्या घरी कापूस आणि तूरच पिकते. तीन बाजूंनी पाहून तो तिथे थांबला. "फुलावर आली हाय, कायले तुडवाची?" म्हणाला आणि बेल्ट आवळायला लागला. मोहोळ नेमकं त्या चौथ्या बाजूला, मोठ्या अँटेनाच्या पाठीमागे होतं. शेतमालकालाही त्याचा पत्ता नव्हता. दोष कुणाला द्यावा हे मी अजून शोधतो आहे. कुणी सापडत नाही, म्हणून जास्तच चीड येते.

माश्या उठल्या तेव्हा तो बराच वर होता. मी गाडीतली ताडपत्री घेऊन धावलो, पण खालून मी काय करणार होतो... तो उतरत होता. चेहरा माश्यांनी काळा झालेला, डोळे मिटलेले, आणि तरी हाताने चाचपून खालच्या दांडीला हूक लावायचा, मगच वरचा सोडायचा. मध्येच त्याचा पाय सुटला. क्षणभर तो हुकावर लोंबकळला, मग पायानेच दांडी शोधली आणि पुन्हा उतरू लागला. जमिनीला पाय टेकल्यावर मी जवळ गेलो, तर म्हणाला, "मागं सर, तुले चावतीन."

मागच्या आठवड्यात लोहाऱ्याला त्याच्या घरी गेलो. सुनंदावहिनी, म्हणजे गजूची बायको, समोर येऊन बसल्या. त्यांचा धाकटा भाऊ संतोष शेजारच्या गल्लीत राहतो आणि टॉवरवरच काम करतो. त्याला हे काम गजूनेच शिकवलं. तोही भिंतीला टेकून बसला होता. गजू गेल्यापासून त्याने बेल्ट लावणं सोडलंय, हे मला तिथेच कळलं.

"भाऊजी, मायासंगं खोटं बोलू नोका," वहिनी म्हणाल्या. "बेल्ट नसता तं हे वाचले असते काय?"

मी पाहिलं ते सगळं सांगितलं. पाय सुटला तेही सांगितलं. "हूक नसता तं गजू तिथूनच पडला असता, वहिनी. दवाखान्यात तुमची भेटबी झाली नसती."

"त्या भेटीचं मी काय करू?"



"पण हुकापायी उतरायले टाइम लागला, हे तं खरं हाय ना?" संतोषने विचारलं. मी हो म्हणालो. खरंच होतं ते. मोकळा असता तर गजू वाचलाही असता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि हेच मला रात्रंदिवस खातं.

वहिनी उठल्या. पडवीतल्या खुंटीवरून त्यांनी गजूचा बेल्ट काढून आणला. माश्यांचे काटे त्याच्या पट्ट्यांत अजून रुतलेले आहेत, त्यांनी ते काढले नाहीत. मी शिवण आणि हूक तपासले, सगळं धड होतं. वहिनींनी तो संतोषच्या खांद्यांवर चढवला आणि सैल पडत होता म्हणून एकेक पट्टा स्वतः ओढून आवळला.

"वर काय होईन ते माया हाती नाई," त्या म्हणाल्या. "पण तू पायानं खाली आला पायजे. ह्यांच्यासारखा."

आता संतोष तो बेल्ट घालून कामावर जातो. संध्याकाळी परतताना आधी बहिणीकडे येतो, बेल्ट पडवीतल्या खुंटीला लावतो आणि मग आपल्या घरी जातो. तो येईपर्यंत वहिनी रिकाम्या खुंटीखाली बसून असतात... चूल पेटवत नाहीत.