बिनस्क्रूचा डबा

कुठलाही कॉम्प्युटर उघडायच्या आधी मामा मान एका बाजूला वळवायचे, डाव्या हातानं नाक धरायचे आणि म्हणायचे, "शी. काय खाऊन बसलाय बगा ह्यो." मग नाक सोडून, त्याच उघड्या हातानं आतली घाण ओढून काढायचे.

तुमच्या डोळ्यांपुढे नुसती धूळ आली असेल, तर तुम्ही लातुरातल्या क्लासची कॉम्प्युटर लॅब पाहिलेली नाही. केसांची गुंतवळं, झुरळांची अंडी, चिवड्यातले शेंगदाणे, पेनाची चावलेली टोपणं. एकदा तर वाळून कडक झालेली पाल निघाली. मामांनी ती कागदावर घेऊन माझ्या टेबलाशी आणली आणि शांतपणे विचारलं, "म्याडम, ही केमिस्ट्रीत येती का बायोलॉजीत?" त्या दिवशी मी जेवले नाही.

मी मूळची नांदेडची. केमिस्ट्री शिकवायला लातूरला आले आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिले. तो काळ क्लासच्या भरभराटीचा होता. शिसारी येईल इतक्या भरभराटीचा. ज्या भिंतीवर बघावं तिथं पोरांचे चेहरे, प्रत्येकाच्या डोक्यामागे सोनेरी किरणं आणि खाली मार्क. जिन्यात मेसच्या आमटीचा आणि ओल्या मोज्यांचा एकत्र वास. त्या वासात उभं राहून आमचे डायरेक्टर सर पालकांना 'संस्कार' सांगायचे. सर लातूरला आले ते भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी, इथल्या निकालांचं नाव झाल्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मामा मात्र भूकंपाच्या गावातले. आमच्याकडे लॅब सांभाळायचे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे; नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. त्यांच्या भावाची मुलगी आमच्याच क्लासला मेडिकलची तयारी करत होती. तिची फी सरांनी माफ केली होती, आणि येता-जाता मामांना त्याची आठवण करून द्यायची काळजीही ते घ्यायचे.

लॅबच्या कोपऱ्यात मामांचा स्वतःचा एक जुना कॉम्प्युटर होता. बसका, चपटा, वर मॉनिटर ठेवायचा असा. मूळचा सायीचा रंग जाऊन तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा झालेला. भूकंपानंतर गावात मदतीला आलेल्या लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये तो आणला होता. मामा त्याच्यावर बोटं बडवायला शिकले. लोक परत गेले, डबा मामांकडे राहिला. बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी रोज फडकं मारायचे. "यानंच मला मानसात आनलं, म्याडम," म्हणायचे.

क्लासचा वर्धापनदिन जवळ आला आणि डायरेक्टर सरांची नजर त्या डब्यावर पडली.

"मामा, हा आपला पहिला कॉम्प्युटर," सर म्हणाले.

"माझा हाय सर त्यो."

"आपलाच म्हणतोय मी. स्टेजवर ठेवू. टॉपर्सची फिल्म यावरूनच दाखवायची. नंतर खाली हॉलमध्ये काचेच्या कपाटात. तुमच्या पुतणीचंही परीक्षेचं वर्ष आहे ना हे?"

पुतणीचं नाव कशाला काढलं हे मला कळलं, तसं मामांनाही कळलं.

आता त्या म्हाताऱ्या डब्यातून आजची फिल्म चालणार कशी? तर पोटातलं सगळं काढून नवं भरायचं. पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. त्यानं डबा उलटसुलट करून बघितला आणि मागची बाजू ग्राइंडरनं कापू म्हणाला. "कापायचं न्हाई," मामा म्हणाले. तज्ज्ञ चहा पिऊन गेला.

मग मामांनी एका दुपारी डबा उघडला. नेहमीसारखं नाक धरलं, पण "शी" म्हणाले नाहीत. आत उंदरानं कधीकाळी घर केलं होतं. कुरतडलेल्या कागदाचा लगदा, वाळक्या लेंड्या आणि गंजावर साचलेला हिरवट चिकट द्रव. मी पदर नाकाला लावून दारात उभी. मामा जुन्या दात घासायच्या ब्रशनं कोपरा न् कोपरा घासत होते.

जुन्या डब्यात नवा माल बसत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. भोकं जुळत नाहीत, वायरी पोचत नाहीत. मामांनी आमच्याच टॉपर्सचं जाड पुठ्ठ्याचं पोस्टर घेतलं, एका पोराच्या कपाळातून कात्री घातली आणि डब्याच्या मापाचा तुकडा कापून आत ठेवून बघितला. तेवढ्या मापाचा छोटा मदरबोर्ड हैदराबादहून मागवला. त्याच्यावरचा पंखा इतका उंच की झाकण बसेना. मग एका मेलेल्या लॅपटॉपचा चपटा पंखा काढून लावला. वीज देणारी पेटी आत मावेना, म्हणून चार्जरसारखा अडॅप्टर बाहेर ठेवला. समोरचा जुना हिरवा दिवा मात्र पूर्वीसारखाच लागला पाहिजे म्हणून दोन दिवस घालवले. दिवा लागला तेव्हा मला म्हणाले, "वळख दिली बगा त्यानं."

वरून पत्र्याचं झाकण सरकवलं आणि हात पुसले. मागची चार भोकं रिकामीच होती.

"मामा, स्क्रू?"

"आसू द्या."

मामा कुठल्याच मशीनला स्क्रू लावत नसत. लॅबमधली सगळी झाकणं नुसती टेकवलेली असायची आणि मी ते आळसावर घालायचे. त्यांच्या खोलीच्या दारालाही कडी नाही असं शिपाई हसत सांगायचे. त्या दिवशी मी कारण विचारलं.

"गनपती बुडवून आलो होतो," मामा म्हणाले. "म्या अंगनात झोपलो. धाकटा भाऊ आत झोपला, कडी लावून. भावजय पहिल्या बाळंतपनाला म्हायेरी, म्हनून ती आन् पोटातली ही पोर वाचली. हालायला लागलं तवा धाकटा दारापत्तुर आला होता म्याडम. कडी काडायला लागला आसंल. भिंत तितंच पडली." त्यांनी झाकण बोटानं जरा मागं सरकवून दाखवलं. "आत हाय ते भायेर निघाया पायजे. म्या काय लावत न्हाई."

मी पुन्हा त्यांना कधी स्क्रूचं विचारलं नाही.

वर्धापनदिनाला हॉल गच्च भरला होता. सरांनी माईक धरला आणि डोळे ओले करून सांगायला सुरुवात केली: "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये, याच कॉम्प्युटरवर, अनाथ लेकरांना मी शिकवायला लागलो." ज्याच्या घरातलं माणूस गेलं तो माणूस स्टेजच्या कडेला वायर धरून उभा होता आणि हा त्याचं दुःख शाल पांघरावी तसं अंगावर घेत होता. आजूबाजूला पालक डोळे पुसत होते. पडद्यावर पहिल्या टॉपरचा चेहरा उमटला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी सरांना जोर चढला आणि त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलून, लोकांना दिसावा म्हणून पुढे कलता केला.

झाकण सरकलं आणि पाहुण्यांच्या पायाशी आदळलं. वायर ओढली गेली, टॉपरचा चेहरा विझला, आणि आतला कोरा करकरीत मदरबोर्ड सगळ्या हॉलला दिसला. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, हे तर नवंच हाय की." हॉल हसला. मीही हसले, आणि लगेच मामांच्या पुतणीकडे लक्ष गेलं. ती पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

नंतर केबिनमध्ये सरांनी मामांना बोलावलं. माझी केबिन काचेपलीकडेच, त्यामुळे सगळं दिसलं आणि ऐकूही आलं.

"मुद्दाम केलंत?"

"न्हाई सर. म्या लावतच न्हाई."

"मग आज लावा. माझ्यासमोर." सरांनी टेबलावर चार स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवला. "हा डबा उद्यापासून काचेत राहणार. आणि लावायचे नसतील तर पुतणीला घेऊन जा. परीक्षेला किती दिवस राहिलेत बघा."

मामांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मला वाटलं, फेकतील स्क्रू ड्रायव्हर. फेकावा असं मला फार वाटत होतं. माझी ना पुतणी होती तिथं, ना भिंतीखाली गेलेला भाऊ.

मामांनी मान एका बाजूला वळवली. डाव्या हातानं नाक धरलं. मग ते सोडून वाकले आणि एकेक करून चारही स्क्रू पिळून घट्ट केले. शेवटचा पिळताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो उलटी आवरणाऱ्या माणसाचा होता. बाहेर येऊन नळाखाली खूप वेळ हात धूत होते. इतकी वर्षं उंदराच्या लेंड्या उपसणारा माणूस, त्याला हात धुताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुतणी नांदेडला मेडिकलला लागली. तिचाही चेहरा भिंतीवर चढला, सोनेरी किरणांसकट. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला आले नाहीत. पगार घ्यायलाही आले नाहीत. खोली रिकामी केली म्हणे. गावाकडे गेले, की पुतणीजवळ नांदेडला, कुणी नीट सांगेना.

आठवडाभरानं मी खालच्या हॉलमध्ये त्या कपाटापाशी थांबले. 'आमचा पहिला कॉम्प्युटर' अशी पितळी पाटी, समोर झेंडूचा हार, आणि एक पालक आपल्या मुलीला हात जोडायला लावत होते. ते गेल्यावर मी कपाटाच्या मागच्या बाजूला गेले. मागची काच जरा सरकलेली होती. डब्याची चारही भोकं रिकामी होती. मी आत हात घालून झाकण बोटानं ढकललं. ते सरकलं.