ॲगी हुडाकचं मत

आमच्या पेन्सिल्व्हेनियात अध्यक्षाची निवडणूक लागली की माणसानं घरात राहावं की रानात जावं, हा प्रश्न पडतो. इकडे दोन्ही पक्षांचं पारडं काठावर, म्हणून सगळा देश आमच्याच उरावर येऊन बसतो. टीव्ही लावला की जाहिरात, फोन उचलला की जाहिरात, दार उघडलं की हसरी पोरं हातात कागद घेऊन उभी. यंदा तर एकीला मी तोंडावर सांगितलं, "बाई गं, हवं तर माझं मत तूच घेऊन जा, पण आता बेल वाजवू नकोस." ती कागदावर काहीतरी लिहून निघून गेली.

माझी ही गत, मग शेजारच्या ॲगीचं काय झालं असेल!

ॲगी हुडाक, वय एक्याऐंशी. नवरा पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ तोही गेला. मग हिनं शाळेच्या स्वयंपाकघरात राबून दोन मुलगे वाढवले. चर्चच्या तळघरात आम्ही बायका विकायला पिरोही करतो, म्हणजे बटाट्याचं सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्याच, तिथं ॲगीसारखी कडेची मुरड कुणाला जमत नाही. माझी पिरोही उकळत्या पाण्यात हटकून फुटते, आणि ॲगी म्हणते, "बर्नी, तुझ्या तोंडासारखीच आहे ती, मिटून राहतच नाही."

मुलगे दोन. थोरला ग्रेग गॅसच्या विहिरींवर ट्रक चालवतो. तो पक्का रिपब्लिकन. रोज सकाळी ट्रकात बसून फोनसमोर देशाचं भविष्य सांगतो. धाकटा लेनी हॉस्पिटलात नर्स आहे, तो तितकाच पक्का डेमोक्रॅट. तो बोलत नाही, लिहितो, आणि एवढं लांबलचक लिहितो की वाचता वाचता चहा गार होतो. लहानपणी ही पोरं एका बिछान्यात झोपायची, एकाला ताप आला की दुसरा शाळेला जायचा नाही. आणि गेल्या निवडणुकीत एकानं दुसऱ्याला देशद्रोही म्हटलं, दुसऱ्यानं त्याला अडाणी म्हटलं, तेही फेसबुकवर, अख्ख्या गावासमोर. तेव्हापासून बोलणं बंद.

त्याची शिक्षा कुणाला? आईला! नाताळच्या आदल्या संध्याकाळचं आमचं जेवण म्हणजे वर्षाचं जेवण. ॲगी ते दोन पाळ्यांत घालायला लागली. चारला ग्रेग, सातला लेनी. दोनदा प्रार्थना, दोनदा सूप, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून ही बाई दोनदा जेवायची.

उन्हाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आली तेव्हा म्हणाली, "बर्नी, यंदा दोघं एका टेबलावर बसू देत गं. मला दुसरं काही नको. पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय?"

सप्टेंबरात ग्रेगनं येऊन तिच्या अंगणात आपल्या पक्षाची पाटी ठोकली. दोन दिवसांनी लेनीनं त्या पाटीशेजारी आपली ठोकली. ॲगीनं एकही उपटली नाही. पोस्टमन विचारायचा, "ॲगी, घरात माणसं किती राहतात?" ही म्हणायची, "माणूस एकच रे बाबा. पाट्या पाहुण्या आल्यात."

मतदानाच्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, "खाली अग्निशमन केंद्रावर मत द्यायला चाललेय, येतेस? गाडीतून नेते." ती म्हणाली, "नको, मुलं न्यायला येणारेत." खुशीत होती. केस विंचरलेले, चर्चचा निळा कोट घातलेला.

दुपारी खिडकीतून पाहते तर दोन्ही गाड्या एकदमच दारात! दोघांनाही ती हो म्हणाली होती. मला वाटतं मुद्दामच. पण ते दोघे घरात गेलेच नाहीत. रस्त्यातच जुंपली.

"तुझ्या त्या झेंडे लावलेल्या ट्रकात माझी आई बसणार नाही!"

"आणि तुझ्या गाडीत बसून वाटेत तुझं प्रवचन ऐकेल होय?"

"मग ने तूच!"

"नाही, तूच ने, एवढा पुळका आलाय तर!"

दोन दारं आपटली. एक गाडी चढावर गेली, एक उतारावर. मी म्हटलं, मरोत मेले, डोकं गार झालं की एक जण येईल परत. आणि मी माझ्या कामाला लागले.

रात्री फेसबुक पाहिलं तर हसावं की रडावं कळेना. ग्रेग ट्रकातून सांगत होता, "माझ्या म्हाताऱ्या आईनंसुद्धा आज आपल्यालाच मत दिलं." आणि लेनीनं लिहिलं होतं की भट्टीवरच्या कामगाराच्या विधवेनं, माझ्या आईनं, आज आमच्या बाजूनं कौल दिला. दोघांना शेकड्यांनी शाबासक्या. दुसऱ्या दिवशी मी ॲगीला विचारलं, "खरं कुणाचं गं?" ती म्हणाली, "जाऊ दे ना, बर्नी." पुढं जिंकणाऱ्यानं मिरवलं, हरणाऱ्यानं गळा काढला, आमचे कान तेवढे किटले.

नाताळच्या आठवड्यात तिनं दोघांनाही सांगितलं, "सहा वाजता. पाळ्याबिळ्या आता नाहीत. दोघं आलात तर जेवेन, नाहीतर उपाशी झोपेन." आले बापडे. बायकापोरांना दोघांनीही घरीच ठेवलं होतं, तमाशा होणारच म्हणून. मला मूलबाळ नाही, मी दरवर्षी तिथंच असते.

ॲगीनं रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या कपाळावर मधाचा क्रूस काढला. केस पिकलेले ते दोन बाप्ये, पण मान लहान पोरांसारखी खाली केली त्यांनी. मग बसलो. आमच्याकडे या जेवणाला एकदा बसलं की मधे उठायचं नाही. सगळे मिळून उठायचं. जो आधी उठतो तो पुढचा नाताळ पाहत नाही म्हणतात. या पोरांचा काका एकदा फोन घ्यायला उठला, आणि ईस्टरला आम्ही त्याला पुरला. तेव्हापासून फोन वाजून वाजून मेला तरी हुडाकांकडे कुणी हलत नाही.

सूप होईपर्यंत सगळं माझ्या तोंडून चाललं. "बर्नी मावशी, त्याला म्हणावं मीठ दे." "मावशी, त्याला म्हणावं समोरच आहे." मी म्हटलं, "मी काय तारमास्तरीण आहे का रे?" ॲगी हसली. तेवढंच हसू.

मग ग्रेगला राहवलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "काही म्हणा मावशी, आईनं मत आम्हालाच दिलं."

लेनीनं चमचा खाली ठेवला. "तुझ्या ट्रकात बसून गेली म्हणून मत तुझं झालं का?"

"माझ्या ट्रकात? मी कुठं नेलं? नेलं तूच ना!"

"मी? मी तर निघून गेलो होतो!"

दोघंही आईकडे बघायला लागले. ॲगी पिरोहीचा तुकडा करत होती.

"कुणीच नेलं नाही," ती म्हणाली. "मी कोट घालून खुर्चीत बसले होते. म्हटलं, कुणीतरी एक येईल. आठला केंद्र बंद झालं, मग काढला कोट."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण इथं तर आईच उपाशी राहिली होती! मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. "अगं, मला फोन करायचास ना! मी भिंतीपलीकडे बसले होते!"

"तुला केला असता तर तुला कळलं असतं ना," ॲगी म्हणाली, "माझ्या मुलांतलं एकही आलं नाही म्हणून."

यावर माणसानं गप्प बसावं की नाही? पण सवय वाईट. ग्रेग हळूच म्हणाला, "पण आई, गेली असतीस, तर कुणाला दिलं असतंस?"

ॲगीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते. मानेपर्यंत लाल झाला, हातातला रुमाल टेबलावर टाकला आणि उठायला खुर्ची मागं रेटली.

लेनीनं झटकन त्याचं मनगट धरलं. "ए, बस! आधी उठू नकोस!"

चार वर्षांनी पहिल्यांदा तो भावाशी भांडण सोडून काही बोलला होता. आवाजात भीती होती, खरीखुरी. ग्रेग अर्धवट उठला होता, तसाच खाली बसला. लेनीनं मनगट सोडलं नाही आणि ग्रेगनंही हात सोडवून घेतला नाही.

ॲगी ते बघत राहिली. डोळे पुसले तिनं. आता सगळ्यांचं जेवण झालं होतं, ती उठली की आम्ही सगळे उठणार, आणि हे दोघे आपापल्या गाडीत बसून जाणार. पोट भरलं होतं तिचं, मला ठाऊक होतं. एवढीशी चिमणीएवढी खाते बाई.

तिनं वाडगा माझ्यापुढं केला.

"बर्नी," ती म्हणाली, "अजून थोडं सूप घाल गं मला."