बर्फावर जायची तयारी

माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट आखल्याशिवाय करता येत नाही. दुबईच्या मॉलमधल्या बर्फाच्या डोंगरावर एक दिवस घसरायला जायचं, तर त्यासाठीही नवशिक्यांचा उतार कितपत कलता आहे, हे त्याने आधी इंटरनेटवर शोधून काढलं. एरवी मी त्याची चांगली फिरकी घेतली असती. पण कित्येक दिवसांनी तो लॅपटॉपवर नोकरीखेरीज दुसरं काही शोधत होता, म्हणून गप्प बसले.

मंदी आली, त्याच्या कंपनीचे टॉवर अर्धवट थांबले आणि इंजिनियर घरी बसले. लेकीची परीक्षा संपली की तिने आणि मी ठाण्याला परतायचं, त्याने इथेच कुणाबरोबर तरी खोली घेऊन नवी नोकरी बघायची, असं ठरलं. लेकीला सांगितलं तेव्हा तिने फक्त मान हलवली. सात वर्षांची पोर ती. पण त्या दिवसांत तिला एक सवय लागली होती. टीव्हीवर काही गंमत आली, तरी हसण्याआधी ती बापाच्या चेहऱ्याकडे बघायची. तो गप्प असला की तीही गप्प. असा बाप डोळ्यांत घेऊन तिने विमानात बसू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून बर्फाचा हट्ट माझा.

गरम कपड्यांचं काम माझ्याकडे आलं. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरात लोकरीचा धागा सापडला नसता. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभी काश्मीरला जाऊन आलेल्या. त्यांनी स्वेटर, मफलर, कानटोप्यांचा ढीगच हातात दिला.

"पोरीच्या गळ्यात ओव्याची पुरचुंडी बांध हां, बर्फ म्हणजे मस्करी नाय," त्या म्हणाल्या. "आणि भाईंना पण डबल स्वेटर घाल. इन्शाल्ला, मजा करून या."

शुक्रवारी मॉलमध्ये पोचताच मी बापलेकीला एका कोपऱ्यात उभं करून एकावर एक सगळं चढवलं. तिकीट खिडकीवरचा माणूस आमच्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, जॅकेट-पॅन्ट इधर से ही मिलता है. टिकट में है."

उताराचा कल शोधणाऱ्या माझ्या इंजिनियरने ही ओळ वाचलीच नव्हती. इतक्या स्वेटरांवर त्याच्या जॅकेटची चेन पोटावरच अडली.

"आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," लेक पुटपुटली आणि तिने सवयीने बापाकडे बघितलं. तो मुकाट्याने स्वेटर उतरवत होता. ओव्याची पुरचुंडी तेवढी मी राहू दिली.

ते दोघं आत गेले. मी बाहेर, मोठ्या काचेशी उभी राहिले. आतला आवाज येत नव्हता. शिकवणारी मुलगी गुडघे वाकवून दाखवत होती. लेक पटकन शिकली. बाप चार हात सरकला आणि धाडकन पाठीवर पडला.

लेक जागच्या जागी थिजली. त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू आत्ताच फुटलं की काय. मग त्याने तोंड वळवलं आणि मला त्याचे दात दिसले. तो हसत होता.

लेकीने एक बोट वर केलं. पुन्हा एकदा.

तो उठला, थोडा घसरला आणि परत पडला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते. पडण्याआधी त्याने हात टेकायची जागा नीट बघून घेतली होती. तिने पुन्हा बोट वर केलं, तो पुन्हा पडला. शिकवणारीने बिचारीने नाद सोडला. घसरणं राहिलं बाजूला, वेळ संपेपर्यंत माझा नवरा नुसता पडत राहिला, आणि आमची लेक बर्फात फतकल मारून हसत राहिली, डोळे घट्ट मिटून.